मत्तय २७:२५ वाचताना

झावळ्यांच्या रविवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचतात तेव्हा एक जण निवेदक असतो, फादर येशूची वाक्यं म्हणतात आणि गर्दीची वाक्यं आपण सगळे म्हणतो. मत्तयच्या शुभवर्तमानाची पाळी तीन वर्षांतून एकदा येते, आणि त्या वर्षी ‘ह्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो’ हेही आपल्याच तोंडी असतं, पोर कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आयासुद्धा ते म्हणतात. ह्याच वचनाच्या आधारावर युरोपात शेकडो वर्षं यहुद्यांना पिढ्यानपिढ्या प्रभूचे मारेकरी ठरवलं गेलं. आणि आपल्याकडे प्रवचनात त्याबद्दल एक अवाक्षर निघत नाही, हे मला फार खटकतं.

ती गर्दी यहुद्यांची होती, मान्य. पण ज्याला मारा म्हणतायत तो पण यहुदी, त्याची आई यहुदी, पेत्र यहुदी, पौल यहुदी, आणि बहुतेक अभ्यासक म्हणतात की हे लिहिणारा पण यहुदीच. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं, आणि त्यानंतर उरलेल्या यहुद्यांमध्ये खरा वारसा कुणाचा यावरून जी जुंपली होती त्या काळातलं हे लिखाण आहे. मत्तयच्या २३व्या अध्यायात परुशांना, म्हणजे तेव्हाच्या यहुद्यांमधल्या एका धार्मिक पंथाला, दिलेले शिव्याशाप किंवा योहानमधलं ‘तुमचा बाप सैतान’ हे वाचताना मला सरळ भाऊबंदकी दिसते, घरातल्या भांडणात तोंड सुटतं तसं. पण पुढे हेच कागद घराबाहेरच्यांच्या हातात गेले, ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा धर्म झाला, मग वाचणाऱ्याच्या हातात सत्ता आणि ज्यांच्याबद्दल वाचायचं ते अल्पसंख्य, आणि तिथून सगळं फिरलं.

तरी ‘लोकांनी चुकीचा अर्थ लावला, शास्त्राचा काय दोष’ असं म्हणून हात झटकता येणार नाही. मत्तयने येशूचा निवाडा करणाऱ्या पिलात ह्या रोमन सुभेदाराला, माझा ह्यात दोष नाही म्हणून, हात धुवायला लावले आणि ‘सर्व लोक’ ओरडले असं लिहिलं, मार्कमध्ये ह्यातलं काहीच नाही. क्रूस ही तर रोमन शिक्षा, आणि हा पिलात इतका क्रूर की शमरोनी लोकांची कत्तल केली म्हणून रोमने शेवटी त्याला इ.स. ३६ मध्ये परत बोलावून घेतलं. म्हणजे दोषाचं ओझं पिलाताच्या खांद्यावरून गर्दीच्या खांद्यावर सरकवणं मत्तयच्या लिखाणातच आहे, ते आपण मोकळेपणाने मान्य करायला पाहिजे.

नावाजलेले प्रवचनकार संत योहान क्रिसोस्तोम ह्यांनी ३८६-८७ मध्ये अंत्युखिया शहरात यहुद्यांविरुद्ध आठ प्रवचनं दिली, वाचवत नाहीत अशी आहेत. का दिली? तर त्यांचेच ख्रिस्ती लोक यहुद्यांच्या सणाला सभास्थानात जायचे, यहुद्यांबरोबर उपास धरायचे. म्हणजे सामान्य माणसांचं एकमेकांशी छान चाललेलं होतं आणि ते तोडायला प्रवचनं लागली! मला हा सगळ्या इतिहासातला सगळ्यात दुःखाचा भाग वाटतो. पुढे १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइनकाठच्या वर्म्स आणि माइंत्समध्ये यहुद्यांची कत्तल केली, का तर एवढ्या लांब शत्रूशी लढायला चाललोय आणि ख्रिस्ताचे मारेकरी इथेच आपल्या शेजारी. १२१५ च्या लॅटरन परिषदेने तर नियमच केला की पवित्र आठवड्याच्या शेवटच्या दिवसांत यहुद्यांनी घराबाहेर पडायचं नाही.

आणि हे फक्त तिकडचं नाही हो. गार्सिया द ओर्ता, ज्याने १५६३ मध्ये गोव्यात आपल्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं, ज्याच्याकडे एके काळी मुंबई बेट भाडेपट्ट्याने होतं, तो जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या यहुद्यांच्या घरातला. १५६८ मध्ये तो गेला, पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. ह्याच किनाऱ्यावर अलिबागच्या बाजूला बेने इस्राएल हे यहुदी लोक तेलाचे घाणे चालवत होते, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं, एवढंच. त्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांकडे हे वचन नव्हतं.

मग ते वचन काढूनच टाकायचं का? इथे मला जर्मनीतलं आयझेनाख शहर आठवतं. १९३९ मध्ये जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या काही मंडळींनी तिथे एक संस्था काढली, काम काय तर चर्चच्या जीवनातला यहुदी प्रभाव पुसायचा. उद्घाटन कुठे, तर वार्टबर्ग किल्ल्यात, जिथे ल्यूथरने नव्या कराराचं भाषांतर केलं होतं. १९४० मध्ये त्यांनी स्वतःचा नवा करार छापला ज्यात येशूचं यहुदीपण कापून काढलेलं, मग भजनांच्या पुस्तकातूनही हिब्रू शब्द गेले. त्यांनी जे कापलं तेच खरं तर आपल्याला ह्या द्वेषापासून वाचवणारं होतं. म्हणून माझं म्हणणं असं की नुसती कात्री लावून भागणार नाही, येशूचं यहुदीपण परत मध्यभागी आणलं पाहिजे.

ज्यूल इझाक नावाच्या फ्रेंच इतिहासकाराने नेमकं हेच केलं. शाळेची इतिहासाची पुस्तकं लिहिणारा हा यहुदी माणूस, युद्धात लपून राहून शुभवर्तमानं ग्रीकमध्ये वाचत होता आणि चर्चची शिकवण त्यांच्याशी ताडून बघत होता. त्याची बायको आणि मुलगी आउशवित्झमध्ये मारल्या गेल्या. पकडली गेल्यावर बायकोने निरोप पाठवला होता की हातातलं काम पूर्ण कर, जग त्याची वाट बघतंय. १३ जून १९६० ला, ऐंशी उलटून गेलेला हा माणूस पोप २३व्या जॉनला जाऊन भेटला, निघताना विचारलं की थोडी आशा घेऊन जाऊ का, आणि पोप म्हणाले, आशेपेक्षा जास्त घेऊन जायचा हक्क आहे तुम्हाला. त्यातून पुढे २८ ऑक्टोबर १९६५ ला व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की प्रभूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर सरसकट टाकता येणार नाही आणि आजच्यांवर तर नाहीच.

ओबरआमरगाऊ ह्या बव्हेरियातल्या गावात प्लेगच्या वेळच्या नवसामुळे १६३४ पासून दुःखसहनाचं नाटक होतं, अख्खं गाव त्यात उतरतं. १९३४ च्या प्रयोगाला हिटलर बसला होता आणि पुढे त्याने त्याची तोंडभरून स्तुती केली, यहुद्यांचा धोका इतका छान कुठेच दाखवला नाही म्हणून. ते नाटक बदलायला युद्धानंतरसुद्धा कित्येक वर्षं गेली, वाद झाले, बहिष्कार झाला. २००० मध्ये ते रक्ताचं वाक्य गेलं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं, आता त्यांचा येशू तोराची, म्हणजे यहुद्यांच्या धर्मशास्त्राची, गुंडाळी हातात धरतो, हिब्रूत प्रार्थना होते, आणि गर्दीत त्याच्या बाजूने ओरडणारे यहुदी पण दिसतात.

आपल्या चर्चमध्ये नाटक नाही, वाचन आहे, आणि ते बदलायचा हक्क पॅरिशला नाही, ठीक आहे. पण मत्तयच्या वर्षी वाचन सुरू व्हायच्या आधी १९६५ च्या त्या घोषणेतली दोन वाक्यं मराठीत वाचायला एक मिनिट पुरेल. आणि कॅटेकिझमच्या मुलांना उपवासकाळात रोमकरांस पत्राचा ११वा अध्याय शिकवा, तिथे पौल आपल्यासारख्या नंतर कलम झालेल्या फांद्यांना बजावतो की तू मुळाला धरून ठेवलेलं नाहीस, मुळाने तुला धरून ठेवलंय. आमच्या फादरना हे मी लेखी दिलंय, तुमच्या पॅरिशमध्येही कुणीतरी द्या.