गुरूचा निळा ठिपका आणि आयर्विन पुलाचा खांब

१० जानेवारी २०२६ ला गुरू प्रतियुतीत (पृथ्वीवरून सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला) होता, म्हणून हा महिना वाया घालवायचा नाही असं ठरवलेलं. मिथुन राशीतला गुरू सांगलीत मध्यरात्रीच्या सुमारास जवळपास डोक्यावर येतो. प्रतिमा झकास, पण आठ इंची डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण) तिकडे वळवताना मानेची वाट लागते.

गुरूच्या उत्तर विषुववृत्तीय पट्ट्याच्या (विषुववृत्ताच्या उत्तरेला दिसणारा गडद पट्टा) दक्षिण काठावरचा एक निळसर-करडा ठिपका धरला. ४ तारखेला पहाटे दोनला पहिला व्हिडिओ, १३ ला रात्री सव्वादहाला दुसरा. मधल्या रात्री पाचट पेटवल्याच्या धुरानं खाल्ल्या. व्हिडिओ दोन मिनिटांचेच, कारण गुरू १.६ मिनिटांत एक अंश फिरतो.

विनजुपॉस या ग्रहावरची स्थानं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजलं तर ठिपका सिस्टिम १ मध्ये (विषुववृत्ताजवळच्या भागाच्या फिरण्यावर बेतलेली रेखांश-मोजणी) २०४ अंश घसरलेला! दोन दिवस डोकं खाजवलं. सॉफ्टवेअरला जागतिक वेळ लागते, आणि दुसऱ्या रात्रीची वेळ मी भारतीय वेळेतच टाकली होती. साडेपाच तासांत गुरू २०१ अंश फिरतो. ते वजा केल्यावर उरले ३. चूक एखादा अंश इकडे-तिकडे धरा.

आता खरी गंमत. सिस्टिम १ स्वतःच ग्रहाच्या अंतरंगापेक्षा, म्हणजे सिस्टिम ३ पेक्षा, दिवसाला ७.३६ अंश पुढे पळते. सात अक्षांशावर एक अंश म्हणजे सुमारे १,२४० किमी. त्यातून ती ३ अंशांची घसरण वजा करून माझ्या ठिपक्याचा वेग आला सेकंदाला साधारण १०० मीटर. वारा मोजला म्हणून खूश झालो, पण तो वारा नव्हेच.

आयर्विन पुलाच्या खांबापाशी कृष्णेचं पाणी बघा: पाणी सुसाट जातं, खांबामागची लाट मात्र तिथेच. हे ठिपकेही एका मोठ्या रॉस्बी लाटेचे (ग्रहाच्या फिरण्यामुळे वातावरणात उठणाऱ्या लाटेचे) भाग. लाट हवेपेक्षा सावकाश सरकते. गॅलिलिओ यानाची कुपी ७ डिसेंबर १९९५ ला अशाच एका ठिपक्यात उतरली, तेव्हा खोलवरचा वारा सेकंदाला सुमारे १७० मीटर निघाला आणि हवा अपेक्षेपेक्षा फारच कोरडी. तिथे हवा खाली बसते, ढग विरतात, आतली उष्णता बाहेर येते. म्हणून ५ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात हे ठिपके झगझगतात, आपल्या कॅमेऱ्यात मात्र काळपट. एक बार दाबाला (साधारण आपल्याकडच्या हवेच्या दाबाइतक्या) तापमान तसं उणे १०८ सेल्सिअसच आहे.

फेब्रुवारीत एकाऐवजी पाच-सहा ठिपके धरणार. सगळे एकाच चालीनं सरकले तर लाटेची खूण माझ्याच आलेखात दिसेल. लॅपटॉपवर ‘वेळ जागतिक!’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे.