गरम झाली की बंद पडणारी स्कूटर: थंड व्हायच्या आत तपासा

स्कूटर सकाळी मस्त चालते, दुपारी गरम झाली की सिग्नलवर फुसकन बंद पडते, मग सेल्फ मारा नाहीतर किक मारा, दाद देत नाही, आणि सावलीत वीस-पंचवीस मिनिटं उभी केली की जसं काही झालंच नाही अशी सुरू होते. मे महिन्यात नागपुरात ही तक्रार इतक्या जणांकडून ऐकून राहिलोय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. आमच्या घरी बाबांच्या गाडीचं हेच झालं होतं. कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग असलेली), ११० सीसीची, गिअर नसलेली जुनी गाडी. बाबा मानेवाड्याहून इतवारीला जातात, आणि मेडिकल चौक ओलांडून पुढे अग्याराम देवी चौकापर्यंत पोचेस्तोवर गाडी मान टाकायची. ४५ डिग्रीत सत्तरीला आलेला माणूस डोक्याला दुपट्टा बांधून गाडी ढकलतोय हे मला बघवत नव्हतं, म्हणून मी याच्या मागेच लागलो.

मिस्त्रीकडे नेली की काय होतं ते सांगतो. तुम्ही गाडी सकाळी सोडता, तो एक राउंड मारून येतो, गाडी मख्खन चालते. मग तो म्हणतो, "भाऊ, प्लग बदलून पाहू, नाहीतर कॉइल टाकू, त्यानंही नाही झालं तर सीडीआय." (कॉइल ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवते, आणि ठिणगी कधी टाकायची हे सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा म्हणजे सीडीआय.) यात त्याची काही चूक नाही, कारण त्याच्यासमोर गाडी बिघडतच नाही, बिघडलेली गाडी फक्त तुम्हाला दिसते, तीही भर दुपारी रस्त्यात. पण अंदाजानं एकेक पार्ट बदलत गेलं की पेन्शनमधून दोन-तीन हजार सहज जातात आणि दुखणं जागच्या जागी राहतं. माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी बंद पडल्यावर पहिली पाच मिनिटं फार मोलाची आहेत, ती सेल्फ मारमारून बॅटरी बसवण्यात घालवू नका. इंजिन तेव्हा तीनच गोष्टींसाठी अडून बसलेलं असतं, स्पार्क म्हणजे ठिणगी, पेट्रोल नाहीतर कंप्रेशन म्हणजे सिलेंडरमधला दाब. तिघांपैकी कोण गायब आहे हे तेव्हाच कळतं, थंड झाल्यावर सगळे परत हजर.

डिक्कीत यासाठी एक चालू स्पार्क प्लग, प्लग पाना आणि साधा मल्टिमीटर ठेवा, तीन-चारशेत मिळतो.

गाडी बंद पडली की आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. सूंऽऽ करून हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली तर झाकणातलं हवेचं बारीक भोक धुळीनं बुजलंय. पेट्रोल खाली जातं पण वरून हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. हे दुखणं हुबेहूब गरम झाल्यासारखं दिसतं, कारण दहा-पंधरा मिनिटं चालल्यावरच येतं आणि थोडं थांबलं की हवा हळूहळू शिरून जातं, खरं तर उष्णतेचा त्यात काही संबंध नसतो. फुकटातली तपासणी आहे म्हणून पहिली ही.

मग स्पार्क. इथे एक काळजी घ्या, तापलेल्या इंजिनातून प्लग काढायच्या भानगडीत रस्त्यात पडू नका, प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं असतं, आटे खराब झाले तर मोठा खर्च बसतो. जुना प्लग जागेवरच राहू द्या, फक्त कॅप ओढून काढा, त्यात जवळचा चालू प्लग बसवा आणि त्याचं लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरू नका, चांगलाच झटका बसतो, रबराची मूठ असलेल्या पकडीनं धरा आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही ना बघून घ्या. उन्हात ठिणगी दिसत नाही, दुपट्ट्याची सावली करा. निळी, टक-टक आवाज करणारी ठिणगी आली तर कॉइल, सीडीआय वगैरे मंडळी सहसा ठीक आहेत, फार तर आतला जुना प्लगच गरम होऊन मरतोय. ठिणगी आलीच नाही तर पेट्रोलची बाजू विसरा, कार्बोरेटर उघडायची गरजच नाही.

बाबांच्या गाडीत हेच निघालं, ठिणगी शून्य. मी मुद्दाम दुपारी गाडी काढली होती, बाबा मागून भावाच्या गाडीवर, आणि बंद पडल्या पडल्या कडुलिंबाखाली घेतली. मग मीटर लावला. स्पार्क न येण्यात प्लग कॅप, एचटी कॉइल (वर सांगितलेली जास्त व्होल्टेजवाली), सीडीआय, पिकअप कॉइल, चावीचा स्विच आणि वायरिंग एवढे संशयित असतात. एचटी कॉइल ठीक होती. तांब्याची तार गरम झाली की तिचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, तसाही वाढतो, ५० डिग्रीनं तापली तर साधारण २० टक्के, त्यामुळे आकडा थोडा जास्त दिसला म्हणून घाबरायचं नाही. पिकअप कॉइलच्या कपलरवर, म्हणजे वायरच्या जोडावर, मीटर लावला तर काहीच नाही, तार तुटल्यासारखं, ओपन. अर्ध्या तासानं तिथेच परत लावला तर शंभर ओहमच्या वर स्थिर आकडा, आणि गाडी लगेच सुरू! (हा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.)

पिकअप कॉइल म्हणजे मॅग्नेटजवळ (इंजिनसोबत फिरणारं चुंबकाचं चाक, त्यालाच फ्लायव्हील म्हणतात) बसलेली छोटी कॉइल, ते फिरताना ती सीडीआयला सांगते की आता ठिणगी टाक. तिच्यात केसासारखी बारीक तार गुंडाळलेली असते. कुठेतरी ती तडकलेली असते, थंड असताना दोन टोकं टेकून असतात, तापली की फुगून सुटतात, थंड झाली की परत टेकतात. म्हणून तर सकाळी मिस्त्रीकडे सगळं ओके. ओळखीच्या मिस्त्रीदादांना मी दोन्ही वेळचे आकडे कागदावर लिहून दाखवले, त्यांनी पुलरनं मॅग्नेट काढला, कॉइल बाहेर घेतली आणि आम्ही दुकानातच तिच्यावर हेअर ड्रायरची गरम हवा मारून बघितली, मीटर लावलेलाच होता. थोड्या वेळात आकडा गायब. ते पाहून दादा स्वतःच म्हणाले, "भाऊ, हे तर सकाळी कधीच नसतं सापडलं." खूप बरं वाटलं मला. नवी कॉइल टाकली आणि बाबा आता भर दुपारी इतवारीला जाऊन येऊन राहिले. सीडीआय मात्र मीटरनं असा मोजता येत नाही, तिथे दुसऱ्या तशाच गाडीचा चालू सीडीआय लावून बघणं हाच सरळ रस्ता.

ठिणगी असेल तर पेट्रोलकडे या. कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून बाटलीत पेट्रोल येतं का बघा, पण सायलेन्सर आणि इंजिन थोडं निवल्यावरच, तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल पडू देऊ नका. बाटली कोरडी म्हणजे पेट्रोलचा कॉक (नळ), पाइप किंवा फिल्टर तुंबलाय. आणि पेट्रोलचा भडक वास, काळा धूर, प्लग काजळीनं काळा, असं असेल तर ऑटो चोक बघा. थंड इंजिनला जास्त पेट्रोल द्यायचं आणि करंटनं गरम होऊन काही मिनिटांत तो रस्ता बंद करायचा एवढंच त्याचं काम, पण तो उघडाच अडकला किंवा त्याला करंटच मिळाला नाही तर गरम इंजिन पेट्रोलात बुडतं. इनटेकचं रबर (कार्बोरेटर आणि इंजिनमधलं) तडकलं असेल तरी गाडी गरम झाल्यावर आयडलिंगला, म्हणजे रेस न देता उभी असताना, टिकत नाही, तडकेवर ग्रीसचं बोट फिरवा, आयडलिंग सुधारलं तर चोर सापडला.

कंप्रेशनचं सोपं आहे. गरम असताना किक एकदम हलकी लागते का? तर बहुतेक टॅपेट, म्हणजे वाल्वजवळची ठरावीक फट, टाइट आहे. तापल्यावर वाल्व लांबतो, फटच उरलेली नसेल तर तो पूर्ण बसत नाही आणि कंप्रेशन निसटतं. टॅपेट सेट करायचे ते इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीचे सकाळी. दुपारी गाडी आणून लगेच टॅपेट करून द्या म्हणू नका, आणि कोणी करून देत असेल तर थांबवा.

अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या स्कूटरचं इंजिन बॉडीत झाकलेलं असतं, त्याला समोरून वारा लागत नाही, मॅग्नेटवरच्या पंख्याची हवा प्लास्टिकच्या कव्हरमधून सिलेंडरवर जाते. आयडलिंगला पंखाही हळू फिरतो, म्हणून गाड्या सिग्नलवर बंद पडतात. काही चौकांत उन्हाळ्यात हिरवी नेट बांधतात त्यानं आपल्याला बरं वाटतं, पण खालचा सिमेंट रोड भट्टीच असतो. पंख्याच्या जाळीत पालापाचोळा, तुटलेलं कव्हर, किंवा सर्व्हिसिंगनंतर परत न बसवलेला कव्हरचा तुकडा, हे बघाच. ऑइलही बघा, यात ते पाऊण लिटरच्या आसपासच असतं, थोडं कमी झालं तरी फरक पडतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, म्हणजे धुराचे कडक नियम, त्यानंतरच्या स्कूटर बहुतेक इंजेक्शनच्या (पंपानं पेट्रोल फवारणाऱ्या) आहेत, त्यात कार्बोरेटर नाही. तिथे बंद पडल्यावर चावी ऑन केली की पंपाचा एक-दोन सेकंद घूं असा आवाज येतो का ऐका आणि समोरच्या स्पीडोमीटरच्या पॅनेलवर इंजिनचा दिवा लागूनच राहतो की विझतो त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. सर्व्हिस सेंटरला गाडी थंड होऊन पोचेल, तेव्हा तो व्हिडिओच कामी येईल.