सेकंडहँड फोकरची कुंडली
एखाद्या छोट्या एअरलाइनचं जुनं जेट दिसलं की मी आधी त्याचा सिरीयल नंबर शोधतो, रंगबिंग नंतर. कारण रंग बदलतो, शेपटीवरचं चित्र बदलतं, देश बदलला की रजिस्ट्रेशनही बदलतं, पण कारखान्यात मिळालेला सिरीयल नंबर भंगारात जाईपर्यंत तोच राहतो, न जळणाऱ्या धातूच्या पाटीवर कोरून विमानाला ठोकलेला.

सध्या फोकर 100 च्या मागे लागलोय. नेदरलँड्सचं हे विमान, पहिलं उड्डाण 1986 चं, एकूण 283 बनली आणि 1996 मध्ये कंपनीच दिवाळखोर झाली. तरी विमानं उडतच राहिली! ऑस्ट्रियन एअरलाइन्सने आपली फोकर विकायला काढली तेव्हा 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अलायन्स एअरलाइन्सने 21 विमानांचा सौदा केला, त्यातली 15 फोकर 100. म्हणजे ऑस्ट्रियाचं ओई ने सुरू होणारं रजिस्ट्रेशन जाऊन ऑस्ट्रेलियाचं व्हीएच आलं, आणि युरोपातली शहरं सोडून विमान खाणकामगारांना वाळवंटातल्या धावपट्टीवर न्यायला लागलं.

आता जुनं म्हणजे किती जुनं, तर इथे लोक हमखास चुकतात, वर्षं मोजत बसतात. खरं बघायचं ते सायकल, एक टेकऑफ आणि एक लँडिंग मिळून एक सायकल. वर गेलं की केबिनमधल्या प्रेशरने विमानाचं अंग किंचित फुगतं, खाली आलं की परत बसतं, आणि हे हजारो वेळा झालं की पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या (धातूच्या खिळ्यांच्या) भोकांपाशी बारीक चिरा पडायला लागतात. 28 एप्रिल 1988 ला अमेरिकेच्या हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं पुढचं छत हवेतच उडालं, त्यात एक हवाई सेविका गेली. ते विमान 19 वर्षांचं, उड्डाणाचे तास 35,496 पण सायकल 89,680. भागाकार करून बघा, एक फेरी सरासरी 24 मिनिटांची! हे वाचल्यापासून मी वयाआधी सायकलचाच आकडा बघतो.

आणि अख्ख्या विमानाचा इतिहास एक नसतोच. इंजिन दुसऱ्याच विमानावरून आलेलं असू शकतं, लँडिंग गिअरची, म्हणजे चाकं आणि त्यांच्या पायांची, फाइल वेगळी, ठरावीक सायकलनंतर फेकायच्याच असलेल्या पार्टचा तर जन्मापासूनचा कागद लागतो, मधलं एक पान गहाळ असेल तर चांगला पार्टही बाद.

फोकर उतरताना मला सगळ्यात आवडतं ते शेपटीचं टोक, दोन पाकळ्यांसारखं डावी-उजवीकडे उघडतं. तो एअरब्रेक आहे, तो उघडा ठेवला की वेग आटोक्यात राहतो आणि इंजिन मात्र जरा जोरात चालू ठेवता येतं, म्हणजे ऐनवेळी परत वर जायचं झालंच तर ताकद लगेच मिळते. मालक कितीही बदलले तरी त्या पाकळ्या तशाच उघडतात.