लेंडीची साक्ष

माणसाने पहिली शेळी कधी पाळली याचा शोध सुरू झाला की सगळे आधी हाडांकडे धावतात. त्यात चूक काही नाही. इराणमधल्या गंज दरेह इथे सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची हाडं निघाली, तेव्हा दिसलं की बोकड बहुतेक कोवळ्या वयात कापलेले आणि माद्या बऱ्याच मोठ्या होईतो राखलेल्या. हा हिशेब शिकाऱ्याचा नव्हे. त्याला भरलेला, थोराड बोकड हवा असतो. करडं देणारी मादी जपतो तो पाळणारा.

पण हाड शेवटी मेलेल्या जनावराचं. जित्या जनावराची हकिगत सांगते ती लेंडी, आणि उत्खननात तीच वर्षानुवर्षं घमेल्यात भरून ढिगाऱ्यावर गेली. दिसायला तरी काय, तपकिरी-करडी भुसभुशीत माती!

आता त्या मातीचा पेटीएवढा चौकोनी ठोकळा थरासकट कापून काढतात, भोवती प्लॅस्टरची पट्टी गुंडाळतात आणि वरची बाजू कुठली ते आधी लिहून ठेवतात. ते लिहायचं राहिलं तर तुकडा असून नसल्यासारखा. मग तो नीट सुकवून रेझिनमध्ये, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या पातळ राळेत, मुरवायचा. ओल राहिली की रेझिन आत शिरत नाही आणि घासताना सगळं सुटून येतं. शेवटी काप ३० मायक्रॉनपर्यंत घासायचा, म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही पातळ. सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशात पाहिलं की त्यात ५ ते २० मायक्रॉनच्या चुन्याच्या गोळ्या चमकतात, प्रत्येकीवर काळी फुली. हा चुना रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात भरपूर तयार होतो, घोड्याच्या फार कमी. म्हणजे कुणाच्या पोटातून काय आलं, याचा निदान अंदाज तरी येतो.

गोळ्या नाजूक, हे मात्र विसरायचं नाही. आम्लधर्मी जमिनीत त्या विरघळतात. गवतातले सिलिकाचे, म्हणजे वाळूसारख्या खनिजाचे, कण वेगळे काढायला प्रयोगशाळेत आधी हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं, तरी गेल्याच. म्हणून नमुना आधीच दोन वाटण्यांत विभागलेला बरा.

आणि गोळ्या दिसल्या म्हणून लगेच गोठा म्हणायचा नाही. गोवरी चुलीत जाते, शेण भिंतीला लिंपतात. गोळ्या तिथेही मिळणारच. गोठ्याची खूण वेगळी. खुरांखाली तुडवलं गेलेलं शेण पातळ, आडव्या पापुद्र्यांचं होतं आणि त्यातले गवताचे तुकडे आडवे निजलेले दिसतात. तुर्कस्तानातल्या अशिक्ली होयुक या प्राचीन वस्तीत तर जमिनीत मुरलेल्या मूत्राचे क्षार मोजले. जुन्या थरांपेक्षा नव्या थरांत ते कित्येक पटींनी जास्त निघाले. वस्तीत माणसं वाढली असतील आणि जनावरंही. मूत्र कुणाचं किती, हे क्षार वेगळं करून सांगत नाहीत. शिवाय पावसाने धुऊन निघण्याची भीती असतेच, त्यामुळे हा पुरावा कोरड्या मुलखातच धरावा.

दख्खनच्या नवाश्मयुगी गुराख्यांनी तर शेणाचे ढीगच पेटवले, तेही पुन्हा पुन्हा. आच इतकी की राख वितळून काचेसारखी घट्ट झाली. चुन्याच्या गोळ्या ७०० अंश सेल्सिअसच्या वर विरायला लागतात, तेव्हा तिथे त्या शोधण्यात अर्थ नाही. पण तेलंगणातल्या उटनूरला १९५७ साली पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी राखेचा थर खरवडला, तेव्हा खाली कुंपणाच्या मेढींची भोकं होती आणि आत गुरांच्या खुरांचे ठसे.