लोणच्याची बरणी

राग बाईंचा नाही आला. आला तो त्या पिवळ्या शर्टवाल्याचा.

रविवारपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. सभा तशी चांगली झाली. फोटोला झेंडूचा हार होता, बाईंना निशिगंध आवडायचा, पण ते जाऊ दे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झालेल्या प्राथमिकच्या बाईंसाठी दाराबाहेर चपलांचा एवढा ढीग, हेच केवढं. मीही बोलणार होते. पर्समध्ये कागद होता. पुराची गोष्ट सांगणार होते, कारण ती माझी गोष्ट. तर माझ्या आधी हा गृहस्थ उठला, माइकवर दोनदा टकटक केली आणि म्हणाला, "बाईंच्या पुराच्या गोष्टीतला तो मुलगा म्हणजे मी."

मुलगा?

त्या गोष्टीत मुलगी आहे. पानशेतचा पूर, नारायण पेठेतला वाडा, सगळे पर्वतीकडे पळतायत आणि आजी जागची हलत नाही. कारण वर्षाचं लोणचं नुकतंच घातलंय आणि बरणी माडीवर आहे. मग ती मुलगी पाण्यातून परत जाते, दादरा बांधलेली चिनीमातीची बरणी छातीशी धरून खाली येते, आणि त्या रात्री पर्वतीवर वाड्यातली सगळी माणसं कोरड्या पोळीशी तेच लोणचं खातात. त्या मुलीला माझं नाव होतं. बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर ठेवलं होतं. तेव्हा मी चौथीत. घरात आम्ही तिघी बहिणी, त्यातली मी मधली. माझं नाव घेऊन कोणी काही सांगतंय असं तोवर झालंच नव्हतं. आईचं काय म्हणा, तिला तिघींची नावं एका दमात घेऊन मग हवी ती निवडायची सवय होती.

तर त्या गृहस्थाच्या गोष्टीत मुलगा गच्चीवर खुराड्यातली कबुतरं सोडायला जातो. त्याच्यानंतर एक मुलगी उठली, विशी-बाविशीतली, म्हणजे बाई कोथरूडला राहायला गेल्यावर सोसायटीतल्या पोरांना गोष्टी सांगायच्या त्यातली. तिच्या गोष्टीत ती चित्रांची वही आणायला जाते. मग मागून कोणीतरी हसून म्हणालं, "आमच्या वेळी गोट्यांचा डबा होता!" सगळं सभागृह हसलं. मी पण हसले. कागद पर्समध्येच राहिला.

घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस, असं हे म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. पण मला वाटतं एखाद्याची इस्टेट गेली तर निदान सात-बाऱ्यावर नाव तरी दिसतं. माझ्याकडे काय आहे? बँकेत एवढी वर्षं काढली, तिथे मी काउंटर नंबर होते. पुढचं लिहीत नाही. मुद्दा असा की आयुष्यात कधीही खचल्यासारखं झालं की मी त्या बरणीवालीला आठवायचे. पाणी गुडघ्यापर्यंत, जिना अंधारा, आणि ती जाते. मीच जाते. आता कळतंय की त्या जिन्यात गर्दी होती.

रात्री पडल्या पडल्या सगळ्यांच्या गोष्टी जुळवून पाहत होते. गंमत अशी की पूर कोणाच्याही गोष्टीत बदललेला नाही. १२ जुलै १९६१, बुधवार, शाळा भरलेल्या. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं झालेलंच नव्हतं. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते सकाळपर्यंत धरून ठेवलं. (इथे बाई थांबायच्या. "रात्री फुटलं असतं तर?" एवढंच विचारायच्या आणि उत्तर द्यायच्या नाहीत.) मग त्या पाण्याच्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फुटलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. अमावास्या होती, पर्वतीवरून रात्री गाव कुठे आहे तेच दिसेना. आणि पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेल्या त्याच पुण्यात प्यायला पाणी नव्हतं, कारण शहराचं पाणी यायचं खडकवासल्यातून आणि तेच रिकामं. कात्रजच्या पाण्याचे पेशवाईतले हौद आणि वाड्यांमधल्या विहिरी, त्यांच्यापाशी कळश्या घेऊन रांगा. यातली एक ओळ इकडची तिकडे नाही. कबुतरवाल्याच्याही नाही, वहीवालीच्याही नाही. बाई पुराशी खेळल्या नाहीत, खेळल्या फक्त आमच्याशी.

साने गुरुजींच्या नावाच्या, मुलांना गोष्टी सांगणाऱ्या कथामालेत घडलेल्या होत्या बाई, पण गोष्ट संपल्यावर "तर मुलांनो, यावरून काय शिकलो" असं त्यांनी कधी विचारलं नाही. डस्टर उचलायचं आणि गणित काढायचं. तात्पर्य हवं असेल तर घरी जाऊन काढा, असा चेहरा.

तरी मला राहवलं नाही. काल बाईंच्या लेकीला फोन केला. ताईंना उगाच इकडचं तिकडचं विचारलं, जेवताय ना वेळेवर, दहाव्याला कोण कोण होतं, आणि मग शेवटी विचारलंच, की आजी आणि बरणी खरी होती का हो? ताई म्हणाल्या, आजी खरी. पुरात ती काय न्यायचं म्हणत होती ते मात्र आईने घरात कधी सांगितलं नाही. त्या दिवसाचं घरात काहीच बोलायची नाही ती. वर्गातच काय ती बोलायची.

मी गप्पच झाले. याचं काय करायचं मला कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही.

मग ताईच म्हणाल्या, "पण नावांचं म्हणाल तर ती तिची युक्ती होती हो. वर्गात ज्याचं लक्ष नसेल त्याला उचलून गोष्टीत घालायची. ओरडायचा कंटाळा यायचा तिला. खिडकीबाहेर बघतोय ना, मग जा गच्चीवर, सोड कबुतरं."

म्हणजे गुणी पोरं कोरडीच राहिली! आमच्या वर्गातली ती पहिल्या नंबरवाली, वकील झाली ती, रविवारी पुढच्या रांगेत बसून डोळे पुसत होती. तिचं नाव कुठल्याही पुरात आलेलं नसणार. हे लिहितानाही मला जरा बरं वाटतंय, त्याला इलाज नाही.

पण मी? मी काही खिडकीबाहेर बघणारी नव्हते, असं नाशिकला धाकटीला फोन करून ठासून सांगितलं. ती म्हणाली, "तू कशाला बाहेर बघशील? तू बाकाखाली डबा उघडून खात असायचीस. मधल्या सुट्टीत माझ्यातलं मागायला यायचीस ते का?"

पोळी आणि लोणचं. आईचा डबा दुसरा कसला असणार. बाईंना दिसलं नसेलही कदाचित, पण वास आलाच असणार.