अण्णांच्या हयातीतच वाटणी केली

मार्चमध्ये शेडवर बेदाणा झाडताना अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, चक्कर आली. दोन दिवसांत ते घरी आले, पण दवाखान्याच्या बाकावर मला एकच चिंता होती. पंढरपूर तालुक्यातली सात एकर जमीन, विहीर, वीजमीटर, शेड, सगळं एकट्या अण्णांच्या नावावर. विहिरीच्या पाळीवरून आमच्या भावकीत दोन घरं अजून कोर्टात आहेत.

धाकटा आणि मी सोलापूरला एका वकील मॅडमकडे गेलो. माझ्या डोक्यात ठरलेलं होतं: ताईकडून हक्कसोडपत्र घ्यायचं आणि दोघा भावांत निम्मं निम्मं. मॅडमनी विचारलं, "ताईंना विचारलंत का?" आम्ही गप्प. 2005च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला, आणि हा हक्क जन्मानंच मिळतो हे सुप्रीम कोर्टानं 2020 साली पक्कं केलं, असं त्यांनी समजावलं.

बार्शीला ताईकडे सातबारा उतारा घेऊन गेलो. तिनं चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली, घडी घातली आणि म्हणाली, "मला कुठं नांगर धरायचाय? पण मला न विचारता माझं नाव काढायला निघालात, ते लागलं रे." ते वाक्य मला अजून बोचतं. शेवटी तिनं विहिरीकडचा एक एकर ठेवला, बाकीचा वाटा राजीखुशीनं सोडला.

वाटणीपत्रात मॅडमनी गटाचे नुसते आकडे लिहू दिले नाहीत. पाण्याची पाळी, पाइपलाइन कुणाच्या रानातून जाणार, बैलगाडीची वाट, सगळं चतुःसीमेसह, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दींसह, घातलं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी सरकारनं 2025 मध्ये माफ केल्यामुळे तो खर्च वाचला. अण्णांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या दोन एकरांचं मात्र वेगळं मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदारांसमोर.

खरा घोळ उताऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यात निघाला. कधीच फेडलेल्या कर्जाचा बोजा तसाच होता. बेबाकी दाखल्यासाठी, म्हणजे कर्ज फिटल्याच्या दाखल्यासाठी, मला सहा हेलपाटे पडले, तेही ऐन छाटणीत. तुमचा उतारा आजच काढून बघा, फेडलेलं कर्ज आपोआप निघत नाही.

बेदाण्याचा धंदा जमिनीपासून वेगळा धरायचा असतो, हे मला माहीतच नव्हतं. शेडची जागा वाटणीत गेली, धंद्याचं भागीदारीपत्र झालं. करारात काही ठरलेलं नसेल तर एक भागीदार वारला की भागीदारी मोडते. म्हणून वारसाला घ्यायचं की त्याचा हिशेब चुकता करायचा, किती दिवसांत, हे कलम धाकट्यानं स्वतः वाचून घेतलं.

तलाठ्यांनी फेरफाराची, म्हणजे उताऱ्यावरची नावं बदलण्याची, नोटीस काढली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. ताईच्या नावाचा उतारा मीच बार्शीला नेऊन दिला. तिच्या एकराची छाटणी मी करतो, हिशेबाची वही तिच्याकडे असते. वीजमीटर अजून अण्णांच्याच नावावर आहे, अर्ज दिलाय.