बाबांचा पीएसए ६.८ आला तेव्हा

बाबांना त्रास म्हणावा असा काहीच नव्हता. वय ६९. हेल्थ चेकअपच्या पॅकेजात पीएसए ही रक्ततपासणी होती म्हणून झाली, एवढंच. रिपोर्टवर ६.८ ठळक छापलेलं, पुढे 'हाय', आणि मर्यादा ४ पर्यंत. काकांनी फोनवर ऐकल्याऐकल्या "टाटाला नेऊ या" म्हणून टाकलं. बाबा मात्र गप्प होते, आणि ते गप्प असले की घरात सगळ्यांनाच धडकी भरते.

पीएसए म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन. ग्रंथी आहे तिथे ते असणारच, मग कॅन्सर असो वा नसो. वयाने ग्रंथी वाढली, लघवीत इन्फेक्शन झालं, कॅथेटर घातला, तरी आकडा चढतो. वाढलेल्या ग्रंथीसाठी दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइडसारख्या गोळ्या काही महिने चालू असतील तर तो साधारण निम्म्यावर येतो. म्हणून युरॉलॉजिस्टनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी चौकशी केली. "काका, गोळ्या कुठल्या घेता? लघवीला जळजळ?" बाबा म्हणाले, "होते थोडी, पण ती उन्हाळ्याची." मला ते तिथेच पहिल्यांदा कळलं! लघवीच्या कल्चरमध्ये इन्फेक्शन निघालं. अँटिबायोटिक्सचा कोर्स, आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा पीएसए.

ते आठवडे मी वाचत बसले. मर्यादेचा तो ४ काही निसर्गाने आखून दिलेला नाही. २००४ साली एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांचीही बायोप्सी केली होती. त्यांतल्या सुमारे १५ टक्क्यांना कॅन्सर निघाला. ४ ची रेघ धरली तर जोमाने वाढणाऱ्या कॅन्सरपैकी साधारण निम्मेच पकडले जातात. ती ३ वर आणली की ६८ टक्के सापडतात, पण निरोगी माणसाला निरोगी ठरवण्याचं प्रमाण ९१ वरून ८५ टक्क्यांवर येतं. जास्त पकडायचे तर जास्त निरोगी माणसं उगाच घाबरवायची. हा सौदा कुणीतरी बसून ठरवलेला असतो, आणि रिपोर्टवर त्याचा मागमूसही नसतो.

माझा खरा प्रश्न वेगळाच होता: आकडा जास्त आलेल्यांपैकी कितीजणांना खरंच आजार असतो? कागदावर सोपे आकडे घेऊन हिशोब मांडला. समजा १००० पुरुष, त्यांतल्या ५० जणांना आजार. चाचणी निम्मे पकडते, म्हणजे २५. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी १० टक्क्यांना ती चुकून 'हाय' म्हणते, म्हणजे ९५. एकूण १२० 'हाय', खरे २५, पाचात एक. आता तरुण गट घ्या, जिथे हजारात १० जणांनाच आजार आहे. खरे ५, खोटे ९९, विसात एक. चाचणी तीच, यंत्र तेच, फक्त माणसं बदलली. पॅकेजात सरसकट सगळ्यांची पीएसए करणाऱ्यांवर माझा राग आहे तो यामुळेच.

दुसऱ्या वेळी ५.१ आला. फ्री पीएसएचं, म्हणजे रक्तात दुसऱ्या प्रथिनांना न चिकटता मोकळ्या फिरणाऱ्या पीएसएचं, प्रमाण २२ टक्के. एकूण पीएसए ४ ते १० च्या दरम्यान असताना हे प्रमाण २५ च्या वर गेलं तर कॅन्सरची शक्यता बरीच कमी, १० च्या खाली गेलं तर बरीच जास्त. आमचं मध्येच लटकलेलं. थेट बायोप्सीऐवजी डॉक्टरांनी आधी एमआरआय सांगितला. पाय-रॅड्स, म्हणजे एमआरआयवरून कॅन्सरचा संशय मोजणारी १ ते ५ ची श्रेणी, २ आली, म्हणजे संशय कमी. ग्रंथी ६२ सीसी, चांगलीच वाढलेली. डॉक्टरांनी आमच्यासमोर ५.१ ला ६२ ने भागलं: ०.०८. "०.१५ च्या खाली आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथीला एवढा पीएसए शोभतो," म्हणाले.

बायोप्सी तूर्त टळली. आता दर सहा महिन्यांनी पीएसए, तीही त्याच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की किट बदलतं आणि आकडाही थोडा हलतो. जळजळ असेल तर आधी लघवीची तपासणी. काकांना अजूनही वाटतं, एकदा टाटाला दाखवून यायला हवं होतं.